नापासाचा उतारा

भुताच्या पिक्चरचं शूटिंग रात्री करायचं असतं, एवढं सिदूला कळत नव्हतं असं नाही. पण चिंचवस्तीवरच्या चिंचेखाली रात्री यायला एक माणूस तयार होईल तर शपथ! हडळीचं काम करणारी अयोध्या, म्हणजे त्याची सख्खी बायको, म्हणाली, "अंधारात चिंचंखाली मी एकटी उभी राहू? तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय ना?" हिरोचं काम करणारा उत्कर्ष म्हणाला, "रात्री माझा अभ्यास असतो." बरं, दुपारी करावं तर भर बाराला भुतं मोकाट हिंडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग उरलं काय? सकाळचे पोहे झाले की बाराच्या आत. असा हा भुताचा पिक्चर रोज लख्ख उन्हात तयार होत होता, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाला निळा जिलेटिनचा कागद बांधून सिदू त्या उन्हाची रात्र करत होता.

सिदूचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बेंबळीपासून तेरपर्यंत कुठंही मांडव उभा राहिला की हा कॅमेरा घेऊन हजर. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या अक्षता, दुसऱ्यांचे रुसवेफुगवे आणि दुसऱ्यांच्या मामांच्या पाठी टिपल्या. पण हे काढलं कुणी, असं कधी कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, "आमच्या मावशीचं तोंड का आलं न्हाय?" सिदूच्या जिवाला हे फार लागायचं. आपल्या हातून एकतरी गोष्ट अशी व्हावी की शेवटी पडद्यावर आपलं नाव येईल. चांगली झाली तर चांगली, वाईट झाली तर वाईट, पण ती आपली असेल. एवढंच त्याचं मागणं होतं. पुण्यात छोट्या पिक्चरांची एक स्पर्धा होती. तिथं पाठवायचं म्हणून त्यानं हा घाट घातला होता.

आता हाताला लागलेली सवय कुठं जाते? हडळ चिंचेआडून बाहेर यायची तर हा ओरडायचा, "हां, नवरी सावकाश या! मान खाली! जरा लाजा!" अयोध्या मांडवाचं पांढरं कापड गुंडाळून, तोंडाला पावडर थापून उभी असायची. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "हडळ कुणाला लाजती वो?" त्याच्या कॉम्प्युटरमधलं लग्नाचं सॉफ्टवेअर तर त्याच्याही वरताण. दोन तुकडे जोडले की मधे आपोआप बदामाचा आकार उमलायचा आणि हडळीच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. काही पाकळ्या त्यानं काढल्या, काही काही केल्या निघेनात. हडळीची चाल चमत्कारिक दिसावी म्हणून त्यानं अयोध्येला मागं मागं चालायला लावलं आणि ते चित्र उलटं फिरवलं. हडळ झकास आली. पण तिच्या मागं ज्ञानोबातात्यांची मेंढरं चरायला चालली होती, ती सगळीच्या सगळी उलट्या पायांनी घराकडं निघाली. बघणाऱ्याला हडळीपेक्षा मेंढरांचीच धडकी भरावी.

पिक्चरची गोष्ट साधी होती. चिंचेखालची हडळ एका तरण्या पोराला झपाटते. त्याची म्हातारी काकू त्याच्यावरनं उतारा काढते आणि तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथं नेऊन ठेवते. शहरातला एक साहेब येतो, उताऱ्याला हसतो, टांग टाकून ओलांडतो, आणि हडळ पोराला सोडून साहेबाला धरते. संपला पिक्चर. शेवटची ही ओलांडायची टांग म्हणजे सगळ्या पिक्चरचा जीव, असं सिदू येईल त्याला सांगायचा.

काकूच्या कामाला सिदूनं स्वतःच्या चुलतीला, कमलबाईंना घेतलं. पंचक्रोशीत कुणाचं लेकरू किरकिर करू लागलं, कुणाची म्हैस आटली की कमलबाईंना बोलावणं यायचं. सिदूला वाटलं, हाताला सवय आहे, काम सोपं जाईल. इथंच तो फसला.

"काकू, खरं काढायचं न्हाय. नुसतं खोटंखोटं ओवाळायचं," तो म्हणाला.

"खोटंखोटं? म्हंजी कसं?"

"म्हणजे ॲक्टिंग."

"तू देवापुढं खोटंखोटं लोटांगण घालतूस का रं?" कमलबाई म्हणाल्या. "मला एकच रीत येती. ती बी तिन्हीसांजेला. करायचं आसंल तर सांग, न्हायतर माझी भाकरी टाकायची पडलीया."

शेवटी तिन्हीसांजेला सगळे जमले. पत्रावळीवर दहीभात, उकडलेलं अंडं, टाचणी खुपसलेलं लिंबू, गुलाल, बिब्बा, असा सगळा सरंजाम कमलबाईंनी घरनंच आणला होता. उत्कर्षला पाटावर बसवला. सिदूनं कॅमेरा चालू केला. कमलबाईंनी पत्रावळ उचलली आणि पोराच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय तरास हाय तुला?"

लिहून दिलेलं उत्तर होतं, "रात्री सपनात बाई येती." चारच शब्द. पण कमलबाईंनी ते असं काही विचारलं की उत्कर्ष ते चारही शब्द विसरला. हा पोरगा तलाठ्यापासून पोलिसापर्यंत जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरायचा आणि दर वेळी एका-दोन मार्कांनी कटायचा. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"काकू, परीक्षा निघंना. काय बी करा, निघंना. माझ्यासंगं शिकलेल्या पोरांची लेकरं शाळंत जायलीत, आन त्यांला गणितं म्याच सांगायलाव. आई कुणाच्या लग्नाला जात न्हाय, लोक विचारतेत म्हणून. ताटावर बसलो की घास उतरत न्हाय."

साऱ्या पिक्चरमध्ये हे एवढंच खरं काम झालं होतं. बाई सपनात येण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, तरी सिदूनं कॅमेरा बंद केला नाही. कमलबाईंनी पत्रावळ ओवाळली. "कुणाची नजर, कुणाचा तळतळाट, नापासाची पिडा, भातात जा, लिंबात जा, तिकाटण्यावर जाऊन बस!" असं म्हणत त्या तडक निघाल्या आणि तीन वाटांच्या बरोब्बर मधोमध पत्रावळ ठेवून घराकडं चालू लागल्या.

"काकू, एकदा वळा! कॅमेऱ्याकडं बघा! तोंड आलं न्हाय!" सिदू मागून ओरडतोय. पण उतारा ठेवून मागं बघायचं नसतं. कमलबाईंनी नाही म्हणजे नाहीच बघितलं. त्यांचं तोंड राहून गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी शेवटची टांग घ्यायची होती, कारण त्याच रात्रीपर्यंत पिक्चर पाठवायचा होता. साहेबाच्या कामाला कृष्णराज सर ठरले होते. सर विज्ञान शिकवायचे, आणि अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण झालं की गावातली माणसं आठ दिवस मांजर आडवं गेलं तरी थांबत नसत. सर गॉगल लावून, बॅग घेऊन, इस्त्रीच्या कपड्यात आले.

"हाच का उतारा?" सरांनी विचारलं. "कुणावरनं काढलाय?"

"उत्कर्षवरनं."

"कशाचा?"

"नापासाचा," अयोध्या हडळीच्या वेषात पुढं होऊन म्हणाली. "काकूंनी खराच काढला."

सरांनी बॅग खाली ठेवली. गॉगल काढला, पुसला, परत लावला. "हे बघ सिदू, माझा स्वतःचा ह्याच्यावर तीळमात्र विश्वास नाही."

"मग मारा की टांग!"

"विश्वास नाहीच. पण आमच्या मोनिकाचा परवा पेपर आहे. तिची आई म्हणेल, सगळं सोडून तुम्हाला तेवढाच उतारा सापडला का? शिवाय प्रयोग करायचा तर तो नियंत्रित वातावरणात करावा, असं विज्ञानच सांगतं." असं म्हणून सर आल्या वाटेनं गेले. बॅग तिथंच राहिली. ती न्यायला यायचं म्हणजे परत उताऱ्याजवळ यायचं.

तोवर उजाडून बराच वेळ झाला होता आणि खरी गंमत सुरू झाली होती. चिंचवस्तीवरनं बेंबळीला जायचं तर ते तिकाटणं टळत नाही. एका अंगाला पाण्यानं भरलेली चारी, दुसऱ्या अंगाला बोराटीचं कुंपण. कमलबाईंनी पत्रावळ अशा ठिकाणी ठेवली होती की कुठूनही कुठंही जा, ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी दुधाची गाडी थांबली. तिच्या मागं शाळेच्या पोरांची जीप थांबली. पोरांच्या आया धावत आल्या, "जीप पुढं नेशील तर बघ! लेकरांची वार्षिक परीक्षा तोंडावर आलीया!"

"अरे, पिक्चरचा हाय तो!" सिदूनं हात जोडले. "तुमच्या डोळ्यांदेखत काढलाय."

"डोळ्यांदेखत काढला म्हणूनच म्हणायलाव," दूधवाला म्हणाला. "पिक्चर तुझा खोटा आसंल. पोरगं तर खरंच नापास हाय ना?"

सिदूनं पाटी लावायचं ठरवलं. घरात लग्नाचा एक जुना फ्लेक्स होता, त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यानं लिहिलं, 'हा उतारा चित्रीकरणाचा आहे. घाबरू नये.' आणि दोन काठ्यांना बांधून उभा केला. झालं! ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनाही समजलं. आणि बेंबळीकडनं येणाऱ्यांना फ्लेक्सची दुसरी बाजू दिसे. तिच्यावर 'वधू-वरांस शुभाशीर्वाद द्यावेत' असं होतं. एक पाव्हणे तर आहेराचं पाकीट काढून विचारू लागले, जेवणं कुणीकडं आहेत?

एवढ्यात ज्ञानोबातात्या मेंढरं घेऊन आले. सिदूचा जीव भांड्यात पडला. "तात्या, मेंढरू काय बी खातं. एखादं पुढं सोडा. पत्रावळीसकट फस्त करील, मोकळं होऊ सगळे."

तात्यांनी काठीवर हनुवटी टेकवली आणि बराच विचार केला. "आन उद्या बाजारात नेल्यावर? गिऱ्हाईक दात बघतं, वजन बघतं. त्यानं इचारलं ह्या मेंढराला काय खोड हाय का, तर काय सांगू? नापास हाय म्हणू?"

"मेंढराला कुठं परीक्षा द्यायचीय तात्या!"

"ते मला बी कळतं. पर एकदा नाव बसलं की बसलं. त्यापेक्षा बसतो माझा मी इथंच." आणि तात्या खरंच बांधावर बसले. मेंढरं वाटेवर पसरली. अयोध्येनं कुत्र्याला यू यू करून बघितलं. कुत्रं आलं, लांबनं हुंगलं, शेपूट घातलं आणि परत गेलं. तेव्हा तर बायकांनी पदर तोंडाला लावले. मुकं जनावर ओळखतं म्हणे! अहो, भातात बिब्बा होता, कुत्रं काय करील?

मग सगळ्यांना एकदमच सुचलं. "ज्याचं त्यानं उचलावं! बोलवा उत्कर्षला!"

उत्कर्ष आला, पण त्याच्यापुढं त्याची आई, शांताक्का आली. पोराच्या आणि उताऱ्याच्या मधे ती हात पसरून उभी राहिली. "आज दुपारी निकाल हाय माझ्या लेकाचा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याच्यावरनं काही उतरून टाकलंय. ते पुन्यांदा त्याच्या अंगावर घालू देणार न्हाय. हिथंच जीव देईन."

"आक्का, पण गावाचं कसं करायचं?" दूधवाल्यानं विचारलं. "दूध नासायलंय."

उत्कर्षनं आईचा हात हळूच बाजूला केला. "जाऊ दे आई. माझंच हाय. मीच घेतो माघारी." तो खाली वाकला. त्याचं तोंड कालच्यासारखंच झालं होतं. घास न उतरणाऱ्या माणसाचं.

"थांब!" सिदू ओरडला. असं का ओरडलो हे त्याचं त्यालाही कळलं नाही. पण ओरडून बसला होता खरा. सगळे त्याच्याकडं बघू लागले. "त्याला हात लावू नको. तशीबी मला टांग घ्यायचीच हाय." त्यानं कॅमेरा अयोध्येच्या हातात दिला. "हे बटण. लाल लागलं की चालू. मी पलीकडं जाईपर्यंत बंद करायचं न्हाय."

"तुम्ही?" अयोध्या म्हणाली. "तुम्ही कशाला?"

"मला कुठं परीक्षा द्यायचीय?"

सरांची बॅग त्यानं उचलली. गॉगल नव्हता, तो सरांबरोबर गेला होता. सिदू पत्रावळीपुढं येऊन उभा राहिला. गोष्टीप्रमाणं इथं त्यानं खदखदा हसायचं होतं. पण हसू येईना, पाय उचलेना. आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं तो आजवर चारचौघांत सांगत आला होता. आता पाय जमिनीला चिकटला तेव्हा त्याला कळलं, विश्वास नाही तो तोंडाचा. पायाला कुणी विचारलंच नव्हतं. आणि दुसरीही एक गोष्ट त्याला कळली. परीक्षा आपल्याला द्यायची नाही हे खरं, पण नापास होईल अशी एक गोष्ट आपल्याकडं आहे. एकुलती एक. ती आत्ता समोर अयोध्येच्या हातात चालू आहे.

त्यानं उत्कर्षकडं बघितलं. मग त्यानं उताऱ्याला हात जोडले, डोळे मिटले आणि टांग टाकली.

हडळीनं ह्या वेळी चिंचेआडून यायचं होतं. पण हडळच शूटिंग करत होती. तिच्या मोकळ्या केसांची सावली तेवढी वाटेवर पडली आणि सिदूच्या पायाच्या पुढं पुढं सरकत गेली. हे कुणी ठरवलं नव्हतं. बघ्यांपैकी कुणीतरी "आई गं!" म्हणालं.

सिदू पलीकडं पोचला आणि वाट एकदम मोकळी झाली. ओलांडलेल्या उताऱ्याला कोण भितो? घेणारानं घेतलं! दुधाची गाडी सुटली, जीप सुटली, ज्ञानोबातात्यांची मेंढरं पत्रावळ तुडवत, अंड्यालिंबाचा चेंदा करत निघून गेली. जाता जाता प्रत्येकजण सिदूकडं बघत होता, पण त्याला खेटणार नाही इतकं अंतर ठेवून.

आणि दुपारी निकाल लागला. उत्कर्ष पास! तलाठी झाला! चिंचवस्तीवर गुलाल उधळला. शांताक्कानं पहिला पेढा देवाला ठेवला, दुसरा कमलबाईंना दिला. उत्कर्ष सिदूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. सिदूलाही मनापासून आनंद झाला. त्याच आनंदात त्यानं शेवटची टांग जोडली, 'लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रण : सिदू' असं मोठ्या अक्षरांत टाकलं, पाकळ्या काढता येतील तेवढ्या काढल्या आणि पिक्चर पुण्याला पाठवून दिला.

महिनाभरानं फोनवर मेसेज आला. आपल्या चित्रपटाची निवड होऊ शकली नाही, याबद्दल खेद आहे. खाली एक ओळ होती, 'उलट चालणाऱ्या मेंढ्यांतून समाजाची अधोगती दाखवण्याचा प्रयत्न स्तुत्य वाटला.'

सिदू चिंचेखाली जाऊन बसला. ह्या वेळी भर बारा वाजले होते, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. माणसाला असं दुःख झालं की जरा एकटं बसू द्यावं, चार शिव्या घालू द्याव्यात. पण कुठलं काय! बातमी गावात फिरली आणि लोक हसतमुखानं त्याला शोधत आले. दूधवाल्यानं तर मिठीच मारली. "लागला! काकूचा उतारा बरोब्बर लागला! पोरगं पास, पिक्चर नापास! म्हंजी एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं!"

"अरे, पिक्चर आपल्या आपण पडला असंल," सिदू म्हणाला.

"न्हाय न्हाय! तुझी काय चूक? तू तर देवमाणूस."

दोन दिवसांनी मारुतीच्या पारावर त्याचा सत्कार झाला. हो, सत्कार! शाल, श्रीफळ आणि मागं फ्लेक्स, 'पिक्चर नापास झाल्याबद्दल आमचे बंधू सिदू यांचे हार्दिक अभिनंदन'. कृष्णराज सरांनी भाषण केलं. "विज्ञान काही का म्हणेना, त्याग हा त्यागच असतो," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. कमलबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना लोक आता लांबून लांबून बोलवायला येत होते. उत्कर्ष मात्र खाली मान घालून उभा होता. त्याला सिदूच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

बोलायची पाळी आली तेव्हा सिदूनं माईक हातात घेतला आणि त्याचा तोल गेला. "तुमी सगळ्यांनी माझं एक ऐका. पिक्चर माझा हाय! म्या लिहिला, म्या काढला, म्या जोडला. चांगला झाला असता तर माझा झाला असता. मग पडला तर तो उत्कर्षचा कसा? नापास तरी माझं मला हूं द्या की! माणसाचं स्वतःचं म्हणून काही ठेवायलाव का न्हाय तुमी?"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "किती मोठ्या मनाचा!" एक बाई म्हणाली. "उपकार बी बोलून दाखवत न्हाय."

सभा उठली तसे सर त्याच्याजवळ आले. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून दहीभाताचा वास येत होता. "सिदू, मोनिकाचा तो पेपर तसा बराच गेलाय, पण मुलाखत आहे. कमलबाईंनी काढून दिलाय. फक्त एकदा ओलांड. तुझं काय, आता तसंही..."

"तसंही काय, सर?"

सर पिशवीकडं बघू लागले. सिदू शाल खांद्यावर आणि नारळ काखेत घेऊन घरी आला.

अयोध्या चुलीपुढं भाकरी थापत होती. ती सत्काराला आली नव्हती. शाल बघून तिनं भाकरी तव्यावर टाकली. सिदू भिंतीला टेकून बसला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "राग यील तुम्हाला."

"सांग. आता कशाचा येतोय राग!"

"पिक्चर भिकारच होता तुमचा."

सिदूनं मान वर केली.

"खरंच सांगायलेय. निम्म्याच्या वर काय चाललंय तेच कळत न्हाय. माझ्या डोक्यावर पाकळ्या पडायल्यात, काकूंचं तोंड न्हाय, उत्कर्ष परीक्षेचं बोलतोय आन त्याला हडळ का धरती ते देवाला ठाऊक. मेंढरं उलटी. आन निळ्या कागदात माझा चेहरा कसा दिसतो म्हायतीय? पाण्यात पडल्यागत."

"म्हणजे..." सिदूचा आवाज बारीक झाला. "उताऱ्यामुळं न्हाय?"

"कसला उतारा घेऊन बसलाव!" अयोध्येनं भाकरी परतली. "उतारा नसता तरी पडला असता. तुमच्यामुळंच पडला. दुसऱ्या कुणाचा नखाएवढा हात न्हाय त्यात."

सिदूच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहू लागलं. सत्काराच्या शालीनं त्यानं तोंड पुसलं. ती शाल जरीची होती, ती टोचली, पण त्याला इतकं बरं गेल्या महिन्याभरात वाटलं नव्हतं. अयोध्या घाबरून जवळ आली. "लई बोलले का म्या?"

"न्हाय. बोल. बोलत ऱ्हा."

"शेवटचं तेवढं खरं होतं," ती हळूच म्हणाली. "पाय उचलतानाचं. तुम्ही इतकं भ्यायलाव, आन तरी उचललात. म्या हडळ, पण मलाच रडू आलं. म्हणून तर थोडं हललंय ते."

सिदूनं शाल घडी करून बाजूला ठेवली आणि ताट पुढं ओढलं. "भाकरी दे," तो म्हणाला. "आन पहिल्यापास्नं सांग. काय काय वाईट होतं ते. काही सोडू नको."

"पहिल्यापास्नं?"

"व्हय. पिक्चरच्या नावापास्नं."

अयोध्येनं पिठाचे हात पुसले, भाकरी वाढली आणि सुरुवात केली.